आपले सत्र संपले आहे

आमच्या त्या वेबसाइटला वीस मिनिटं काही कळवलं नाही की ती सरळ बाहेर काढते. नोटीस नाही, ताकीद नाही. लिहीत बसलेलो असतो, शेवटी बटण दाबायला जावं तर पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा. पहिल्यांदा ती ओळ पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की माउस आपटला मी टेबलावर. आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले बाबा चष्मा वर सरकवून शांतपणे म्हणाले, "संपले आहे म्हणजे? कोणी संपवलं? कर्ता कुठंय?"

हे त्यांचं आयुष्यभराचं. बाबा घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मराठी शिकवायचे, आणि घरी आल्यावरही ती शाळा काही सुटायची नाही. लहानपणी माझ्या हातून कप पडला आणि मी ओरडले, "बाबा, कप फुटला!" तर आतून आवाज, "कर्ता कुठंय?" मी म्हटलं, कप. तर म्हणाले, "व्याकरणात चालेल. माझ्या घरात चालणार नाही. मी कप फोडला असं म्हण, आणि मग केरसुणी घे." दूध उतू गेलं, छत्री राहिली, पेपर अवघड गेला, असलं एकही वाक्य आमच्या घरात धडपणे पूर्ण व्हायचं नाही. आई तर वैतागून म्हणायची, "अहो, भात करपलाय, मी करपवलाय, आता जेवता का?"

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे मुलुंडला राहायला आले. मी तेव्हा ऑफिसची कामं घरूनच करायचे. सकाळी माझ्या मीटिंगा, दुपारी जेवण, मग बाबांची एक डुलकी, आणि तीन-साडेतीनच्या चहानंतर आमचं दोघांचं वेबसाइटचं काम. तीच वेळ मला आता सगळ्यात जास्त आठवते. गॅलरीतून येणारं ऊन, बाबांच्या बशीतला चहा, खाली सोसायटीच्या वॉचमनचा रेडिओ. किती साधे दिवस होते! तेव्हा वाटायचं, हे काय, रोजचंच आहे.

वेबसाइट त्यांच्या शाळेची. शाळा बंद होणार होती. पट घसरत घसरत एका वर्गात आठ मुलं उरली होती, मग कोण काय करणार? तर जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून आठवणी गोळा करायला ती साइट काढली, आणि जे शिक्षक हयात होते त्यांना एकेक पान दिलं. बाबांच्या पानावर वर शाळेच्या गेटचा फोटो होता आणि खाली मोठ्ठी कोरी चौकट. बाबा सांगणार, मी टाइप करणार. वेगळीकडे लिहून मग चिकटवायचं हे तेव्हा मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बाबांनी ऐकलं नसतं. त्यांना ते गेटखालीच उमटताना बघायचं होतं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. स्नेहसंमेलनं, फळ्यावरचे सुविचार, शाळेमागच्या डोंगरावर नेलेली सहल. छोटे छोटे तुकडे, पाच-दहा मिनिटांत संपायचे, मी बटण दाबायचे, काम फत्ते. बाबांना मुलांची नावं फारशी आठवायची नाहीत, हजेरीचे नंबर मात्र तोंडपाठ. "त्या वर्षीचा बारा नंबर, तो निबंधात पाच ओळीसुद्धा लिहायचा नाही," असं. मी चिडवायचे, "बाबा, ही माणसं आहेत की खोल्या?" तर हसायचे.

मग एका दुपारी चहा तसाच निवत ठेवून ते म्हणाले, "आज एकतीस नंबरचं लिही." मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले.

सातवीतली मुलगी होती ती. डोंगरावरच्या वस्तीतून यायची. हुशार नाही, पण पक्की; शिकवलेलं एकदा डोक्यात गेलं की बाहेर यायचं नाही. एकदा ती यायची बंद झाली. आठवडा गेला, दोन गेले, महिना होऊन गेला. आमच्या मुंबईत मुलं गावी जातात आणि गावचीच होऊन जातात, बाबांना वाटलं तसंच झालं. त्यात तपासणी आली. पटावर मुलगी आणि वर्गात नाही, हे साहेबाला चालायचं नाही. सलग इतके दिवस गैरहजर की नाव कमी करायचं, असा नियमच होता. बाबांनी लाल शाईनं तिच्या नावावर रेघ मारली आणि खालचे नंबर एकेकानं वर सरकवले. बत्तीस नंबरची पोरगी एकतीस झाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती आली. बाबा हजेरी घेत होते, ती मागच्या दारानं येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. बाबा म्हणाले, "एकतीस." आणि वर्गात दोन आवाज आले, "हजर सर!" "हजर सर!" अख्खा वर्ग खो खो हसला.

"मीपण हसलो," बाबा म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला की माझी बोटं थांबली. "मी हसलो आणि म्हणालो, तुझं नाव पटावर नाही, ऑफिसात जाऊन ये. कुठं होतीस, विचारलंसुद्धा नाही मी. ती दप्तर घेऊन गेली. ऑफिसात गेलीच नाही. घरी गेली. मला नंतर कळलं, तिचा बाप गावी आजारी होता, मग वारला. दिवसकार्य उरकून आली होती पोर."

मधे ते किती वेळा थांबले! एकदा इस्त्रीवाला आला, त्याला कपडे देऊन मी परत आले, तर बाबा तसेच खिडकीकडे बघत होते. मग पुन्हा बोलले. मी अक्षरन् अक्षर टिपत गेले. शेवटी म्हणाले, "रेघ मी मारली. नियमानं नाही मारली, मी मारली. कुठंतरी असेल ती. वाचेल. तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे, बस."

मी डोळे पुसले, बटण दाबलं. आपले सत्र संपले आहे.

मागे जाऊन बघितलं, पुढे जाऊन बघितलं. पुन्हा लॉगिन केलं. वर गेटचा फोटो, खाली कोरी चौकट. कप्पाळ माझं! एक ओळ शिल्लक नव्हती. तेव्हाच बाबांनी ते कर्ता कुठंय विचारलं, गमतीत. त्यांना वाटलं काहीतरी किरकोळ आहे. मग माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं.

"गेलं?" म्हणाले.

"गेलं बाबा. मी घालवलं." निदान एवढं तरी मी बरोबर म्हटलं.

ते उठले, बशी उचलून स्वयंपाकघरात ठेवली आणि आडवे झाले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी ऑफिसचा एक फोनही घेतला नाही. संध्याकाळी म्हटलं, मला सगळं आठवतंय, मी लिहून काढते. तर एकदम कडक आवाजात, "नाही. माझी चूक तुझ्या शब्दांत नको." बरं, मग पुन्हा सांगा. "एकदा सांगितलं ना? मला पुन्हा पुन्हा नाही जमत ते, बाई." आणि पेपर तोंडापुढे धरला. बाबांनी पेपर तोंडापुढे धरला की विषय संपला, हे आमच्या घरातलं जुनं कलम.

मी साइट बनवणाऱ्याला फोन लावला. तो बाबांचाच विद्यार्थी, सात नंबर, आता अंधेरीला कुठल्याशा कंपनीत मोठा माणूस. त्याच्यावर असा जाळ काढला की तो बिचारा "ताई, ताई" करत राहिला. मग त्यानं समजावलं. आपण टाइप करतो ते फक्त आपल्याच कम्प्युटरवर असतं, पलीकडच्या मशीनला त्याची खबरच नसते. पलीकडे वाटतं, ही बाई उठून गेली. वीस मिनिटं वाट बघते आणि दार लावून घेते. वेळ वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. "दर दहा मिनिटांनी 'मसुदा जतन करा' दाबत जा, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल. लांबलचक असेल तर आधी दुसरीकडे लिहा आणि मग चिकटवा. आणि लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा'च्या चौकटीत खूण करा, निदान पासवर्ड सारखा मारावा लागणार नाही." शेवटी दबक्या आवाजात, "सर रागावलेत का ओ?" पन्नाशीला आलेला माणूस, आणि अजून पाचावर धारण!

मी हे सगळं बाबांना सांगितलं, तेव्हा पेपर जरासा खाली आला.

"म्हणजे पोर वर्गात बसलीय, लिहितेय," बाबा म्हणाले, "पण हजर म्हणत नाही, म्हणून तिला गैरहजर धरतात."

"हो, तसंच काहीसं."

"आणि मग नाव कमी करतात." त्यांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हजेरी मी घेईन."

आणि खरंच घ्यायला लागले! दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "तुला कुठला नंबर?" मी म्हटलं, तुम्हीच द्या. "एक. वर्गात तू एकटीच आहेस." त्यांच्या शाळेत त्यांनी मला कधी घातलं नव्हतं, मुलीला मार्क कोण देणार म्हणून. पन्नाशी ओलांडल्यावर शेवटी एकदाची मी त्यांच्या वर्गात बसले. दर दहा मिनिटांनी, मधेच सांगत असलेलं वाक्य तोडून, खणखणीत आवाजात, "नंबर एक!" आणि मी "हजर!" म्हणून मसुदा जतन करायचा. एकदा नुसतं बटण दाबलं, बोलले नाही, तर पुन्हा पुकारा, "नंबर एक! तोंड नाही का?" खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारायला आल्या, वरती शिकवण्या सुरू केल्यात का.

मग बरेच दिवस आमचं एकही सत्र संपलं नाही. पण एकतीस नंबर काही येईना. मी विषय काढला की बाबा सहलीचं सांगायचे.

आठ-दहा दिवसांनी स्वतःच म्हणाले, "घे. एकतीसचं लिही." मी सावरून बसले. त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, "सातवीतील एक विद्यार्थिनी प्रदीर्घ काळ गैरहजर राहिल्याने नियमानुसार तिचे नाव पटावरून कमी करण्यात आले. त्यानंतर ती परत आली असता एकतीस नंबरला दोघींनी हजर म्हटल्याने वर्गात हशा पिकला. सदर विद्यार्थिनीचे शिक्षण खंडित झाले. याची खंत वाटते. पूर्णविराम."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे माझे बाबा? कमी करण्यात आले? ह्या असल्या वाक्यांना ते स्वतः 'सरकारी प्रयोग' म्हणायचे आणि वहीत दिसला की लाल वर्तुळ मारायचे. कोणी केलं ते सांगायचं नसलं की माणूस असं लिहितो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, कर्ता कुठंय? पण सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं. नाही विचारलं मी. माझ्या चुकीनं खरं गेलं होतं, आता ह्याच्यावर बोट ठेवायला मी कोण? "नंबर एक," ते हळूच म्हणाले. "हजर," मी म्हटलं, आणि ते पान प्रसिद्ध केलं.

मग पानाखाली शेरे यायला लागले. कोणीतरी पहिल्यानं गमतीत लिहिलं, "नंबर बारा, हजर सर," आणि तीच पद्धत पडली. चार हजर. एकोणीस हजर, सध्या बदलापूर. तेवीस हजर, सर तुमचा डस्टर अजून आठवतो. बाबा रोज चहा घेता घेता मला वाचायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे. माझं वाचून झालं की विचारायचे, "एकतीस?" मी म्हणायचे, "नाही बाबा." "असू दे. उद्या बघ." एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस. रोज तेच. ते विचारणं मला ऐकवेना.

आणि एका दुपारी ती आली. शेरा एवढाच होता: "एकतीस नंबरला दोघींनी हजर म्हटलं होतं. त्यातली पहिली मी. फोन करा." खाली नंबर.

मी वाचून दाखवलं. बाबांनी बशी खाली ठेवली. "लाव," म्हणाले, "आणि ते पानपण उघड. काय म्हणेल ते लगेच लिहायचं." मी दुरुस्तीसाठी पान उघडलं, फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज होता, तो थांबला. मालाडला ब्लाऊज शिवायचं दुकान आहे म्हणाली, हाताखाली चार बायका आहेत. मोठा, मोकळा आवाज. सर कसे आहात, बाई कशा आहेत. आई गेल्याचं ऐकून "अरेरे" म्हणाली, मनापासून. बाबा हो-नाही करत होते. सातवी तिनं नंतर दुसऱ्या शाळेतून केली, पुढे नाही जमलं म्हणाली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग ती म्हणाली, "सर, तुमचं वाचलं मी. माझ्या मुलीनं दाखवलं मोबाईलवर. चांगलं लिहिलंय. फक्त एक विचारू का, रागावणार नाही ना?"

"विचार ना."

"तिचे नाव कमी करण्यात आले, असं लिहिलंय तुम्ही." जरा थांबली. "सर, कर्ता कुठंय?"

शिकवलेलं एकदा डोक्यात गेलं की बाहेर यायचं नाही, बाबाच म्हणाले होते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, वर्गात उभे असताना ठेवायचे तसे.

"मी," बाबा म्हणाले. "मी कमी केलं. आणि तू आलीस तेव्हा मी हसलो. कुठं होतीस विचारलं नाही. माझं चुकलं गं, पोरी. मी चुकलो."

पलीकडे ती रडत होती की काय कळेना. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि म्हणाली, "हां. आता वाक्य बरोबर झालं, सर." आणि हसली. "मग घ्या की हजेरी. तेव्हापासून उभी आहे मी."

बाबांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "एकतीस."

"हजर सर!"

एकच आवाज आला. आणि मग दोघंही जे बोलत सुटले! कोण कुठल्या बाकावर बसायचं, तिचा बाप कसा होता, गावी तेव्हा काय झालं, सगळं बाबांनी विचारून घेतलं. मी मधे पडलेच नाही. पाऊण तास झाला असेल. फोन ठेवल्यावर मी पानाकडे वळले, बटण दाबलं, तर काय, आपले सत्र संपले आहे. दहा-दहा मिनिटांनी पुकारा करणाऱ्या मास्तरांना घड्याळाची आठवण राहिली नव्हती, आणि मलाही नव्हती. ह्या वेळी मात्र त्या ओळीचा मला राग आला नाही. आम्ही दोघं हसलो, पोट दुखेपर्यंत.

आता बाबा नाहीत. शाळाही नाही, तिथे पत्रे ठोकलेत. साइटचं बघायचं काम माझ्याकडे आलंय. ह्याचा फोटो लाव, त्याचं गाव चुकलंय ते दुरुस्त कर, असं काही ना काही चालू असतं. मी शहाण्यासारखं आधी दुसरीकडे लिहिते आणि मग चिकटवते. तरी दर दहा मिनिटांनी तोंडातून "हजर" निघतंच. घरातले हसतात. हसू देत. पण पुकारा येत नाही त्याचं काय करू? खूप आठवण येते हो.

त्या फोनच्या दिवशी मी पुन्हा लॉगिन केलं होतं. बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले. जुनं वाक्य मी पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: एकतीस नंबरचं नाव मी कमी केलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती वर्गात हजर होती. मसुदा वगैरे काही नाही, थेट प्रसिद्ध केलं. बाबांनी चष्मा वर सरकवला, नाक स्क्रीनला लागेल इतके पुढे झुकले आणि म्हणाले, "वाचून बघ. कर्ता आला ना?"

"आला, बाबा."